सुपे ते संगम : हिशेबाच्या वाटेने दोन दिवस

दोन दिवसांत जुने शहर पाहून होते का? पेरू देशातल्या कुझकोला जाणाऱ्या मराठी प्रवाशाला हा प्रश्न आज ना उद्या पडतोच. अँडीज पर्वतात सुमारे ३,४०० मीटर उंचीवर वसलेल्या या शहरासाठी सहलीच्या वेळापत्रकात सहसा दोन रात्रीच असतात. पहिला दिवस विरळ हवेची सवय करून घेण्यात जातो. दुसऱ्या दिवशी मोठा चौक, चर्च, बाजार आणि इंकांच्या भिंती होतात. तिसऱ्या दिवशी पहाटे माचू पिक्चूकडे निघायचे असते.

या घाईतही कुझको बरेच काही दाखवते. कोरिकांचा हे इंकांचे सूर्यमंदिर. १५३३ मध्ये स्पॅनिश लोक शहरात शिरले आणि पुढे त्यांनी त्याच मंदिराच्या भिंतींवर आपला मठ उभारला. १९५० च्या भूकंपात मठाची मोठी पडझड झाली, पण खालच्या इंका भिंती, चुना न वापरता दगडाला दगड बसवून रचलेल्या, जागच्या हलल्या नाहीत. ही गोष्ट तिथला प्रत्येक वाटाड्या सांगतो आणि ऐकणाऱ्याच्या मनात ती कायमची राहते.

याच शहरातली आणखी एक गोष्ट मात्र दगडांत सापडत नाही. इंकांच्या राज्याचा कारभार दोऱ्यांच्या गाठींवर चालत असे. कोणत्या खोऱ्यात माणसे किती, कोठारात मका किती, कोणत्या गावाकडून किती दिवसांचे श्रम यायचे, हे सगळे ‘किपू’ नावाच्या गाठींच्या दोऱ्यांत नोंदलेले असे. त्या वाचणारे वेगळे जाणकार असत. १५८३ च्या लिमा धर्मपरिषदेने किपू नष्ट करण्याचा हुकूम काढला. आज जगभरच्या संग्रहालयांत हजारभर किपू उरले आहेत आणि त्यांतले आकडे पुष्कळसे वाचता येत असले तरी बाकीचे अजून उलगडलेले नाही. भिंती टिकल्या, पण त्या बांधायला कोण आले होते आणि त्यांच्या पोटाला कोणत्या कोठारातून मिळत होते, हे सांगणारी नोंद गेली.

कुठलेही जुने गाव समजून घ्यायचे तर तिथल्या जमिनीचा, पाण्याचा आणि धान्याचा हिशेब कोण ठेवत होते आणि तो कोणाच्या अंगावर येत होता, हे आधी विचारावे, असे मला फार वाटते. हा एक प्रश्न मनात धरून निघालेल्या माणसाला दोन दिवस पुरतात. प्रश्नच नसेल तर महिनाही अपुरा पडतो. आणि हा प्रश्न विचारायला अँडीज ओलांडायची गरज नाही. पुणे जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यातले बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके त्यासाठी इतके समृद्ध आहेत की मराठी शेतकऱ्याचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास शिकायला याहून चांगली जागा मला ठाऊक नाही.

आपण या भागातून जातो ते बहुधा पुणे-सोलापूर महामार्गाने आणि न थांबता. बारामतीला जायचे ते कामासाठी, लग्नासाठी, कॉलेजच्या प्रवेशासाठी. मोरगावला थांबतो, कारण अष्टविनायकांच्या यात्रेची सुरुवात मयूरेश्वरापासून होते. भिगवणला थांबतो ते मासळीच्या जेवणासाठी. मात्र ‘ऐतिहासिक गाव बघायला’ म्हणून कोणी सुप्याला किंवा इंदापूरला उतरत नाही. इतिहास म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गड उभे राहतात. २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, त्याचा अभिमान प्रत्येकाला वाटला आणि तो रास्तच आहे. पण गडावरची शिबंदी पोसली जायची ती खालच्या मुलखाच्या महसुलावर. भोसल्यांच्या जहागिरीत पुण्याच्या जोडीने सुप्याचे नाव येते ते त्यामुळेच. मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले असे परंपरा सांगते. सालाबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत, पण इंदापूरची गढी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. स्वराज्याच्या कथेची पहिली पाने या माळरानावर लिहिली गेली.

सहलीची सुरुवात सुप्यापासून करावी. मोरगावचे दर्शन घेऊन, देवळाच्या तटाच्या चार कोपऱ्यांवरचे मनोरे पाहून सुप्याकडे निघाले की दोन्ही बाजूंना जिरायत पट्टा लागतो. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही वेळेवर येईल याचा भरवसा नाही. याच सुप्याच्या बाजारात १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, आसपासच्या गावांतून आलेले शेतकरी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चालून गेले. त्यांना हवे होते कागद. कर्जरोखे, खतपत्रे, खातेवह्या, ज्यांच्या जोरावर जमिनी जात होत्या आणि कोर्टातून जप्त्या येत होत्या. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरले. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने काढून दिले तिथे बहुतेक ठिकाणी मारहाण झाली नाही. सरकारी चौकशी आयोगानेही हे वैशिष्ट्य नोंदवून ठेवले. इतिहासात या घटनेला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. त्या शेतकऱ्यांच्या बाजूने पाहिले तर तो एका हिशेबाविरुद्धचा उठाव होता.

हा हिशेब इतका जाचक कसा झाला? अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, तिथला कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि मुंबई इलाख्यातल्या कापसाचे भाव कडाडले. सावकारांनी हात सैल सोडून कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळले, कर्जे मात्र तशीच राहिली. नेमक्या त्याच सुमारास, १८६६-६७ मध्ये, तीस वर्षांचा जुना करार संपला म्हणून शेतसाऱ्याची फेरआकारणी झाली आणि सारा वाढला. हजारो मैलांवरच्या लढाईचे आणि बाजाराचे चटके सुप्याच्या माळावर पोहोचले ते असे. जागतिकीकरण हा आपल्याला अलीकडचा विषय वाटतो, पण या गावाने त्याची किंमत दीडशे वर्षांपूर्वी मोजली आहे. दंग्यांनंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी मदतीचा कायदा झाला आणि शेतकऱ्याच्या कर्जाचा वाद ऐकताना मूळ व्यवहार तपासण्याची मुभा न्यायालयांना मिळाली. महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तो यानंतर चारच वर्षांनी.

म्हणून सुप्याच्या बाजारपेठेत निवांत अर्धा तास उभे राहावे. शाह मन्सूर यांचा दर्गा पाहावा, पेठेतून चालावे आणि सोबतच्या मुलांना सांगावे की कर्जाच्या कागदावर अंगठा देणाऱ्या माणसाला तो कागद वाचता येत नव्हता, आणि तरीही त्याचे सगळे आयुष्य त्या कागदावर ठरत होते. कुझकोच्या गाठी सत्ताधाऱ्यांनी नष्ट केल्या, सुप्यात वह्या जाळायला निघाली ती रयत. दोन्हीकडे हिशेबाची ताकद सगळ्यांनी नीट ओळखलेली होती.

सुप्याहून बारामतीला यावे. कऱ्हेकाठचे हे गाव आज कारखाने, शिक्षणसंस्था आणि राजकारण यांसाठी देशभर माहीत आहे. या गावाची दुसरी ओळख मात्र आपण विसरत चाललो आहोत. श्रीधरस्वामींनी ‘शिवलीलामृत’ पूर्ण केले ते शके १६४० मध्ये, याच गावी. श्रावणातल्या सोमवारी घरोघर वाचल्या जाणाऱ्या त्या पोथीच्या शेवटी गावाचा आणि नदीचा उल्लेख आहे. त्यानंतर काही दशकांनी पन्हाळ्यावर जन्मलेले मोरोपंत इथे आले आणि बाबूजी नाईकांच्या आश्रयाने पुराण सांगत, काव्य रचत आयुष्यभर राहिले. बाबूजी हे पेशव्यांशी सोयरीक असलेले मोठे सावकार-सरदार. मोरोपंतांनी १०८ रामायणे रचली असे मानले जाते. त्यांतले एक निरोष्ठ आहे. म्हणजे ज्या अक्षरांना ओठाला ओठ लावावा लागतो, ती अक्षरे त्यात अजिबात नाहीत. १७९४ मध्ये याच गावी त्यांनी देह ठेवला.

बाबूजी नाईकांचा वाडा आणि कऱ्हेकाठचे सिद्धेश्वराचे देऊळ पाहताना हेही ध्यानात घ्यावे की आर्या रचण्यासाठी लागणारी आयुष्यभराची फुरसत कोणाच्या तरी तिजोरीतून येत होती, आणि ती तिजोरी कोणाच्या तरी शेतातून भरत होती. याने मोरोपंतांची थोरवी तसूभरही कमी होत नाही. भाषेवरचे इतके प्रभुत्व, दर श्लोकाला नवे बंधन घालून घेण्याची हौस आणि ती निभावण्याची ताकद मराठीत पुन्हा क्वचितच दिसली. पण कवी, सावकार आणि कुणबी ही एकाच गावातली तीन माणसे आहेत. त्यांना एकत्र पाहिले तरच गाव पूर्ण दिसते.

बारामतीच्या दक्षिणेला नीरा डावा कालवा आहे. संध्याकाळी त्याच्या भराव्यावरून चालावे. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळानंतर सरकारने पाटबंधाऱ्यांची कामे हाती घेतली. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा सुरू झाला आणि पुढे १८९२ मध्ये भोरजवळचे भाटघर धरण पूर्ण झाले. दुष्काळात ज्वारी वाचावी, माणूस आणि जनावर जगावे, हा कालव्यामागचा मूळ विचार. पण ज्वारीच्या शेतकऱ्याला चांगल्या वर्षी कालव्याचे पाणी विकत घ्यायला परवडेना. त्या पाण्याची किंमत देऊ शकत होता तो ऊस. विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या नोकरीत असताना त्यांनी याच कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. पाणी थोड्या उसाच्या मळ्यांत मुरू न देता अनेक गावांना वाटून द्यावे, ब्लॉकच्या काही हिश्श्यातच ऊस घ्यावा, बाकी जमिनीत कमी पाण्याची पिके फिरवावीत, असा तो विचार होता. आजही हा विचार जुना झालेला नाही. जास्त पाण्याने कालव्याखालच्या काही जमिनी चोपण झाल्या, त्यांवर मीठ फुटले. दुष्काळ, क्षार आणि उष्णता यांना तोंड कसे द्यावे याचा अभ्यास करणारी राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था याच तालुक्यात माळेगावला आहे, हे त्यामुळे फार समर्पक वाटते. कालव्याच्या एका अंगाला हिरवा ऊस आणि वर उत्तरेला सुप्या-मोरगावचा कोरडा पट्टा, हा फरक निसर्गाने अर्धाच केला आहे. उरलेला अर्धा पाटाच्या उंचीने आणि माणसांच्या निर्णयांनी केला आहे.

दुसऱ्या दिवशी इंदापूरचा रस्ता धरावा. संत तुकाराम महाराजांची पालखी आषाढीला जाते तोच हा मार्ग. काटेवाडीला परीट समाज पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या घालतो आणि मेंढ्यांचे रिंगण होते. बेलवाडीला अश्वांचे गोल रिंगण होते. पुढे निमगाव केतकी, इंदापूर आणि मग नीरा ओलांडून अकलूज. वारकऱ्याचा मुक्काम बहुतेक गावी एका रात्रीचा. छोट्या मुक्कामाच्या प्रवासाची इतकी जुनी आणि इतकी प्रगल्भ परंपरा आपल्याच घरात आहे. एका रात्रीसाठी आलेल्या पाहुण्याला गाव जेवू घालते, त्याचे पाय चेपते आणि पाहुणा गावात अभंग गातो. दोघेही एकमेकांना ‘माउली’ म्हणतात. पर्यटनाने या परंपरेकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. कोणत्याही गावात पाऊल ठेवताना आपण तिथले पाहुणे आहोत आणि आपल्याकडूनही त्या गावाला काही मिळायला हवे, ही जाणीव वारीने शेकडो वर्षे जपली.

वाटेत थोडे बाजूला वळले की वालचंदनगर. वालचंद हिराचंदांनी १९३० च्या दशकात कळंबच्या माळावर साखर कारखाना उभारला आणि त्याभोवती वसाहत वसवली. पुढे इथल्या कारखान्यात साखर आणि सिमेंट कारखान्यांची यंत्रे बनू लागली आणि भारताच्या अग्निबाणांचे सुटे भागही इथे तयार झाले. ज्या भागात एकोणिसाव्या शतकात नांगराचा फाळ गहाण पडत होता, त्याच भागातल्या घरांतून अवकाश मोहिमांसाठी धातू घडवणारे कामगार निघाले. शाळेच्या सहलीत मुलांना हे दाखवले पाहिजे.

इंदापुरात गढी पाहावी, चांदशाहवलींचा दर्गा पाहावा, इंद्रेश्वराचे दर्शन घ्यावे. त्यानंतर गावाबाहेर जाऊन एखाद्या शेताच्या बांधाशी थांबावे. इंदापूरचा सर्वांत मोठा ऐतिहासिक वारसा तिथे आहे. पेशवाई गेल्यावर प्रिंगल या अधिकाऱ्याने शेतसारा ठरवण्यासाठी मोठी पाहणी केली. पिकाचे निव्वळ उत्पन्न काढून त्याचा ठराविक हिस्सा घ्यायचा, असे विलायती अर्थशास्त्रावर बेतलेले गणित होते. कागदावर ते नेटके दिसत होते. प्रत्यक्षात इंदापूर तालुक्यावर सारा इतका जड झाला की शेते ओस पडली आणि लोक गाव सोडून गेले. तेव्हा गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी १८३५-३६ मध्ये इंदापूरपासून नवी सुरुवात केली. शेताची मोजणी, हद्दीच्या खुणा, मातीची खोली आणि पोत पाहून नऊ प्रती, प्रत्येक प्रतीला आण्यांत किंमत आणि ठरलेला सारा तीस वर्षे कायम. ही पद्धत इथे लागू पडली, ओस जमीन पुन्हा नांगराखाली आली आणि हीच पद्धत पुढे सगळ्या मुंबई इलाख्यात नेली गेली. आज महाराष्ट्रातला शेतकरी सातबाऱ्यावर गट, क्षेत्र आणि आकार पाहतो, त्यामागची मोजणी-प्रतवारीची घडण इंदापुरात सुरू झाली.

एवढी मोठी गोष्ट पाहायला तिथे एकही भव्य इमारत नाही, आणि हे मला फार मोलाचे वाटते. बांधावर उभे राहून डोळ्यांपुढे यायला हवे ते दृश्य असे : माती हातात घेऊन तिची खोली बघणारा कारकून, जवळ उभा कुळवाडी आणि आपल्या शेताला किती आणे लागतात याची त्याला लागलेली धास्ती. तीस वर्षांनी तोच करार बदलला, सारा वाढला आणि त्यातूनच सुप्याचा बाजार पेटला. पहिल्या दिवशी पाहिलेल्या सुप्याचे मूळ दुसऱ्या दिवशी इंदापूरच्या मातीत असे सापडते.

इंदापूरहून पुण्याच्या बाजूला पळसदेव आहे. भीमेवर माढा तालुक्यात उजनी धरण बांधले गेले. १९६६ मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते भूमिपूजन झाले आणि १९८० मध्ये ते पूर्ण झाले. सुमारे ११७ टीएमसी क्षमतेच्या या यशवंतसागराने सोलापूर जिल्ह्याच्या मोठ्या भागाला पाणी दिले. पण इंदापूर, दौंड, करमाळा आणि कर्जत या तालुक्यांतली कित्येक गावे पाण्याखाली गेली. जुने पळसदेव त्यांतलेच एक. तिथले पळसनाथाचे प्राचीन देऊळ एरवी पाण्यात असते. धरण तळाला गेलेल्या उन्हाळ्यात ते बाहेर येते आणि मग बघ्यांची गर्दी होते. देव नव्या गावठाणातल्या देवळात गेला, माणसेही गेली. ज्यांच्या चुली विझल्या त्यांच्या काळ्या जमिनी मात्र गाळात राहिल्या. देऊळ पाहायला जाणाऱ्याने हे विसरू नये. दुष्काळात उघडे पडणारे शिखर म्हणजे सोलापूरच्या शेताला मिळालेल्या पाण्याची किंमत कोणी दिली, त्याची पावती आहे.

याच जलाशयाच्या काठी डिकसळ आणि कुंभारगाव ही गावे आहेत. १८५८ साली पुण्याहून निघालेली रेल्वे पहिल्यांदा डिकसळपर्यंतच आली होती. आज त्याच परिसरात हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात आणि मासेमारी करणारी माणसे आपल्या होड्यांतून पाहुण्यांना पक्षी दाखवतात. पाण्याने अनेकांचे सगळे नेले आणि त्याच पाण्यावर काहींनी नवा रोजगार उभा केला. नावाड्याला जलाशयाचा तळ माहीत असतो. कुठे बुडालेला रस्ता आहे, कुठे जुनी विहीर, हे तो सांगू शकतो. आपण मात्र त्याला फक्त पक्ष्यांची नावे विचारतो.

शेवटी नीरा नरसिंहपूर. पुणे जिल्ह्याचे हे आग्नेय टोक. इथे नीरा भीमेला मिळते आणि काठावर विंचूरकर सरदारांच्या घराण्याने वैभवाला आणलेले लक्ष्मी-नृसिंहाचे भव्य देऊळ आहे. कऱ्हा आधीच सोनगावजवळ नीरेला मिळालेली असते. म्हणजे मोरगावच्या मयूरेश्वराजवळून, बारामतीच्या मोरोपंतांजवळून आलेले पाणी, नीरेचे पाणी आणि उजनीतून सुटलेले भीमेचे पाणी इथे एकत्र होते आणि पंढरपूरकडे जाते.

यावर एक आक्षेप येईल. पर्यटन आले की गाव बिघडते, कुझकोतही जुन्या वस्तीतली घरे हॉटेले झाली, माचू पिक्चूला दिवसाला किती माणसे सोडायची यावर मर्यादा घालावी लागली, मग आपल्या तालुक्यांना त्या वाटेला का लावायचे? आक्षेप खरा आहे. म्हणूनच मी गर्दीचे पर्यटन मागत नाही. मला हवे आहे ते शिकण्याचे पर्यटन. सुप्याच्या पेठेत १८७५ ची गोष्ट सांगणारा फलक असावा आणि ती गोष्ट गावातल्याच शिक्षकाने सांगावी. इंदापूरच्या १८३६ च्या मोजणीवर एक छोटे दालन असावे. तिथे जुने नकाशे, मोजणीची साखळी, गावनमुने लोकांना पाहता यावेत. पळसदेवच्या विस्थापितांच्या आठवणी, त्या सांगणारी पिढी हयात आहे तोवर, आवाजात आणि अक्षरात नोंदवल्या जाव्यात. बारामतीच्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी सुटीत वाटाड्याचे काम करावे आणि त्याचे पैसे त्यांना मिळावेत. याला फार निधी लागत नाही, आपल्या गावचा इतिहास सांगण्याजोगा आहे हा विश्वास लागतो.

असा विश्वास असलेले गाव स्वतःच्या निर्णयांकडेही वेगळ्या नजरेने पाहते. पाण्याचे आवर्तन कोणाला मिळावे, ऊस किती लावावा, कर्जमाफी कशी असावी, धरणग्रस्तांचे उरलेले प्रश्न कसे सुटावेत, हे आजचे वाद दोनशे वर्षांच्या अनुभवावर उभे आहेत. तो अनुभव माहीत असलेला नागरिक सभेत वेगळा बोलतो आणि मतही वेगळ्या विचाराने देतो. कुझकोच्या गाठी वाचणारे जाणकार गेले आणि त्यांच्याबरोबर एका समाजाची स्मृती गेली. आपले हिशेब अजून वाचता येतात. सातबाऱ्यावर, कालव्याच्या चारीवर, जुन्या वह्यांत आणि म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात ते शिल्लक आहेत. परदेशाच्या सहली खुशाल कराव्यात, कुझको जरूर पाहावे. पण निघण्यापूर्वी दोन दिवस सुपे ते संगम या वाटेला द्यावेत. तिथे लागलेली प्रश्न विचारायची सवय जगातल्या कोणत्याही जुन्या शहरात उपयोगी पडेल, आणि परत आल्यावर आपल्या गावाच्या ग्रामसभेतही.